407 घरीच रंगवावी का? (बजेट 15 हजार)

निफाडचा_गाडीवान
नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2009 ची टाटा 407 आहे. टोमॅटो-कांद्याच्या दिवसांत पिंपळगाव आणि लासलगावच्या फेऱ्या, एरवी गावातली खत-सिमेंटची भाडी. इंजिन ठणठणीत आहे, पण अंगावरचा रंग पार गेला. केबिन पांढरी, हौदा (मागचा माल भरायचा भाग) निळा-पिवळा. छतावर हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. पुढच्या काचेच्या रबराखाली, दोन्ही दारांच्या खालच्या कडेला आणि पायरीवर गंज धरलाय. ड्रायव्हर बाजूच्या दाराला खाली बोट जाईल एवढं भोक आहे.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचे 48 हजार सांगितले, दुसऱ्याने 40. एवढ्या जुन्या गाडीच्या नुसत्या रंगाला एवढे घालायचं जिवावर येतं. माझं बजेट 15, फार ताणलं तर 18.

हाताशी पत्र्याचं शेड आहे (तीन बाजूंनी बंद, शेजारी कांद्याची चाळ), चाकात हवा भरायचा एक एचपीचा कॉम्प्रेसर आहे, ग्राइंडर आहे आणि मेव्हणा आहे. ऑइल पेंट मारू की पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग)? ब्रश, रोलर की गन? केबिन या वेळी गडद हिरवी करावी असं मनात आहे. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्याच्या आत उरकायचंय. दसऱ्यानंतर लगेच पासिंग आहे. जाणकारांनी सांगावं.

उगाच_उवाच
साहित्याच्या यादीत मेव्हणा बघून बरं वाटलं. तो पातळ करायला कुठला थिनर लागतो?

तिरकस_पाना
सरळ सांगतो, राग मानू नका. घरी रंगवलेली गाडी लांबून ओळखू येते. ब्रशच्या रेघा, ओघळ, त्यात अडकलेल्या माश्या. 40 हजार देणार नसाल तर अजिबात रंगवू नका. गंजाचे डाग तेवढे घासून अस्तर (प्रायमर) मारा आणि पाच वर्षं चालवा. 407 घेणारा रंग बघत नाही, चेसिस आणि टायर बघतो.

चिकलठाणा_निवृत्त
मी एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत रंगखात्यात होतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आज गाडीवर कुठला रंग आहे ते तपासा. पांढऱ्या फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घ्या आणि कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून घासा. रंग विरघळून फडक्याला आला तर तो एनसी. मऊ पडला, सुरकुतला तर इनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा पीयू. हे कळल्याशिवाय डबा फोडू नका. इनॅमलवर एनसी किंवा पीयू मारलात तर त्यातला कडक थिनर खालचा थर उचलतो आणि सगळं मुसळ केरात. उलट बाजूने धोका नाही. घट्ट बसलेल्या कुठल्याही जुन्या रंगावर, नीट घासून, इनॅमल बसतं.

दुसरी गोष्ट, छतावरची भुकटी ही वाईट खूण नाही. उन्हाने वरचा थर मेलाय, खालचा जिवंत आहे. तो मुळापासून काढायची गरज नाही. 220 नंबरच्या वॉटर पेपरने भुकटी संपेपर्यंत घासा, मग 320 चा हात द्या. पत्रा फक्त तिथेच उघडा करायचा जिथे पोपडे सुटलेत किंवा गंज आहे.

तिसरी, आणि इथेच सगळे घाई करतात. घासण्याच्या आधी धुणं. कपड्याच्या सोड्याने किंवा डिटर्जंटने आधी गाडी धुवा, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने ग्रीस-डिझेल पुसा. फडकं सारखं बदलायचं. आधी घासलंत तर ग्रीस ओरखड्यांत जाऊन बसतं आणि तिथला रंग सहा महिन्यांत सुटतो. दारांच्या बिजागऱ्या, डिझेल टाकीच्या वरचा भाग आणि बॉनेटच्या कडा या खास जागा.

गंजाला ग्राइंडरवर तारेची वाटी लावा आणि पत्रा चमकेपर्यंत काढा. काळे ठिपके राहतातच, त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं गंजाचं औषध लावा, सांगितलंय तेवढा वेळ ठेवा, पुसून कोरडं करा आणि त्याच दिवशी अस्तर मारा. उघडा पत्रा आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस झालेला दिसेल.

कोकणी_काजू
काकांना +1. आमच्या रत्नागिरीत तर सकाळची वाटसुद्धा बघावी लागत नाही. खारा वारा असेल तिथे घासण्याआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवायची, नाहीतर मीठ आत राहतं आणि नव्या रंगाखाली फोड येतात.

काचेच्या रबराखालच्या गंजाबद्दल: बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. रबर जुनं असेल तर कापून काढा, काच उतरवा, आतली पट्टी साफ करून अस्तर आणि रंग द्या आणि नवं रबर घाला. काच परत बसवायला मेव्हणा खरंच लागतो. रबर आधी काचेला चढवायचं, त्याच्या पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत सुतळीएवढी नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडायची. रबराला साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच तळव्याने दाबत राहायचं, दुसऱ्याने केबिनमधून दोरीचं टोक हळूहळू ओढायचं. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. बाहेरच्याने ठोसे मारायचे नाहीत.

निफाडचा_गाडीवान
धन्यवाद काका, धन्यवाद काजूशेठ. थिनरची परीक्षा केली. केबिनला काही झालं नाही, हौद्याचा रंग मात्र लगेच सुरकुतला. म्हणजे केबिन कंपनीची आणि हौदा ऑइल पेंटचा, बरोबर ना?

दाराच्या भोकाला एम-सील भरून चालेल का?

मिस्त्री_आडनावाचाच
पळेल. मी टेम्पोच्या पायरीला एम-सील भरून वर रंग मारला, तीन पावसाळे काढले.

चिकलठाणा_निवृत्त
@निफाडचा_गाडीवान, निदान बरोबर. म्हणून हौद्यावर पीयूचा विचार सोडा.

@मिस्त्री, पायरीवर चाललं असेल. दार दिवसात पन्नास वेळा आपटतं. शिवाय दार आतून सडतं, बाहेर दिसतं ते भोक शेवटी पडतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची छिद्रं असतात, ती मातीने बुजली की आत डबकं होतं. आतलं कव्हर काढून बघा. टिंकरकडे दार नेऊन सडका भाग कापून ठिगळ वेल्डिंग करून घ्या आणि छिद्रं मोकळी करा. हे एक काम घरी करू नका. पातळ पत्र्याला वेल्डिंग करताना हात बसलेला नसला तर भोकाची दोन भोकं होतात.

मिस्त्री_आडनावाचाच
काका, तुम्ही एसटीचे. सरकारी खर्चाने ठिगळं. इथे माणूस 15 हजारात सगळं बसवतोय.

चिकलठाणा_निवृत्त
एसटीत 15 हजार मंजूर व्हायलाच किती सह्या लागायच्या ते विचारा. तिथेच शिकलो की एकदा नीट केलेलं काम स्वस्त पडतं.

डॅलसचा_देशमुख
इकडे अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकवाल्यांत हा प्रकार वर्षानुवर्षं चालतो. घराच्या रेलिंगला लावायचं रस्टोलियमसारखं साधं इनॅमल घ्यायचं, मिनरल स्पिरिटने बरंच पातळ करायचं आणि चार इंची फोमच्या रोलरने लावायचं. माझ्या शेजाऱ्याने त्याचा जुना फोर्ड असा केला, मी शनिवार-रविवार मदतीला होतो.

युक्ती अशी, की थर इतका पातळ हवा की पहिल्या हाताला खालचा रंग स्पष्ट दिसतो आणि माणसाचा धीर सुटतो. सोडू द्यायचा नाही. रोलर फिरवला की बारीक बुडबुडे येतात, त्यावरून कोरडा होत आलेला रोलर नुसत्या त्याच्या वजनाने फिरवायचा, बुडबुडे फुटतात आणि रंग आपोआप सपाट होतो. रात्रभर वाळू द्यायचा. दोन हात झाले की 600 च्या वॉटर पेपरने पाण्यात घासायचं, परत दोन हात. शेवटी 1500, 2000 आणि रबिंग कंपाउंड. लांबून गॅरेजचा वाटतो. जवळून? जवळून ट्रक कोण बघतं.

आपल्याकडे कुठल्याही चांगल्या कंपनीचं सिंथेटिक इनॅमल आणि टर्पेंटाइन चालेल.

तिरकस_पाना
देशमुखसाहेब, डॅलसच्या गॅरेजमध्ये शटर पाडून, एसी लावून. इथे शेजारी कांद्याची चाळ आहे, कांद्याची सालं वाऱ्यावर उडतात. पहिल्या हाताला तिथेच डिझाइन तयार.

डॅलसचा_देशमुख
एसी नव्हता हो, उलट घामाचे थेंब बॉनेटवर पडायचे. पण मुद्दा मान्य. आदल्या दिवशी शेडची जमीन ओली करून ठेवा, काम सकाळी वारा पडलेला असताना करा आणि चाळीच्या बाजूला ताडपत्री सोडा. उन्हात तापलेल्या पत्र्याला रोलर लावू नका, रंग पसरायच्या आत आखडतो.

रसायनी_रमा
धाग्यावर पीयूचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. मी रंगांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात सुरक्षा बघते.

पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने मारताना त्याचं धुकं श्वासात जातं आणि काहींना त्याने कायमचा दमा जडतो. एकदा शरीराने ते ओळखलं की पुढे अगदी थोडं पुरतं. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क यांचा काडीचा उपयोग नाही. जिथे हे काम नीट होतं तिथे बाहेरून नळीने ताजी हवा येणारा मुखवटा घालतात. तीन बाजूंनी बंद शेडमध्ये, शेजारी घर असताना, पीयूची गन चालवू नका. इनॅमल कडक व्हावं म्हणून त्यात पीयूचा हार्डनर टाकायचा सल्लाही मिळेल, त्यालाही हेच लागू. साधं इनॅमल रोलरने लावताना हे धुकंच होत नाही. टर्पेंटाइनचा वास असतो, त्याला हवा खेळती ठेवली की भागतं.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. हौद्याचा पिवळा. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवायचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, तुमची गाडी 2009 ची. तेव्हा तो पिवळा ग्राइंडरने कोरडा उडवू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, गाळ गोळा करून पिशवीत बांधा. लहान मुलं लांब ठेवा. आणि गुरं असतील तर गोठ्याच्या वाटेवर हे काम अजिबात नको. जनावरं रंगाचे पोपडे चाटतात, शिशाची विषबाधा गुरांमध्ये नेहमी दिसणारी आहे.

निफाडचा_गाडीवान
रमाताई, बरं झालं सांगितलंत. दोन गाई आणि एक कालवड शेडच्या मागेच बांधलेली असतात. कालवड तर दिसेल ते चाटते. पीयू रद्द.

उगाच_उवाच
कालवडीला 600 चा वॉटर पेपर दाखवा, फुकटात फिनिशिंग होईल.

काळ्या_कोटातला
हिरव्या रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थांबलो होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. तुमचा 'गडद हिरवा' दुकानदाराच्या कार्डावर कुठला निघतो ते बघून घ्या.

दुसरा कुठलाही हिरवा घेतलात तरी आरसीवर रंग 'पांढरा' आहे ना? रंग बदलला की आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलायला हवी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. उद्या अपघात झाला आणि कागदावर पांढरी, रस्त्यावर हिरवी, तर क्लेमच्या वेळी नसता घोळ.

निफाडचा_गाडीवान
पण वकीलसाहेब, आम्ही दरवेळी हरित कर भरतो. मग गाडी हिरवी करायचा हक्क तरी द्या!

काळ्या_कोटातला
पावती पुढच्या काचेला आतून चिकटवा, हौस भागेल.

नाद_कोल्हापूरचा
भावा, पांढरीच ठेव. हिरवा गडद रंग लई फसवा. पत्रा जिथं जिथं दबलाय तिथं तिथं उजेड वाकडा दिसतो, सगळी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) उघडी पडती. पांढऱ्यात पोचे लपत्यात. उन्हात केबिन तापत न्हाई ते वेगळंच.

माझा बाप ट्रकवर अक्षरं काढायचा, मी पण काढतो. लांबीचं सांगतो. पोलिस्टर फिलर घ्यायचं, ट्यूबमधला हार्डनर थोडाच टाकायचा, जास्त टाकला की पत्तीवरच दगड. पातळ पातळ ओढायची. आणि फिलर पाण्यानं घासायची न्हाई.

चिकलठाणा_निवृत्त
आम्ही पाण्यानेच घासायचो.

नाद_कोल्हापूरचा
काका, तुमच्या वेळची लांबी तेलातली नायतर एनसीची. ही पोलिस्टरची लांबी उघडी असली की पाणी पिती. ते पाणी आत ऱ्हातं, वरनं रंग मारला की महिन्यानं फोड. कोरडीच घासायची, 80 नं चालू करून 180 पर्यंत, मग अस्तर. अस्तर वाळलं की मग खुशाल पाणी मारा.

चिकलठाणा_निवृत्त
पॉलिएस्टरसाठी हे मान्य. मात्र कोरडी घासताना मास्क हवा, आणि रमाताईंनी सांगितलेल्या पिवळ्यावर ही पद्धत नको.

अस्तराचं राहिलं. परवडलं तर उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर, दोन डब्यांचा येतो, सांगितलेल्या प्रमाणात मिसळायचा, हातमोजे घालून ब्रशने लावा. नाही परवडलं तर रेड ऑक्साइडही चालतो, पण तो पाणी अडवत नाही. रेड ऑक्साइड मारून गाडी महिनाभर उघडी फिरवणारे लोक बघितलेत, खालून परत गंज येतो. दोन-तीन दिवसांत वरचा रंग चढलाच पाहिजे.

वाटसरू_77
मला मोठ्या गॅरेजचा अनुभव आहे, उलट बाजूने. आमच्या आयशरला भरपूर पैसे घेऊन पीयू मारून दिला. खालचा रंग आधीच्या मालकाने मारलेलं इनॅमल होतं, कुणी तपासलं नाही. संध्याकाळी बॉनेट तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. गॅरेजवाला म्हणाला, तुमचाच पत्रा खराब. भांडून अर्धे पैसे परत मिळाले. काकांची फडक्याची परीक्षा गॅरेजला गाडी देणाऱ्यांनीही करावी.

एक_होता_कॉम्प्रेसर
गनच्या बाजूने कुणीच नाही का? रोलर म्हणजे भिंत रंगवल्यासारखं. कॉम्प्रेसर आहेच, 1.4 च्या नोझलची गन दोन-अडीच हजारात येते.

चिकलठाणा_निवृत्त
हवा भरायचा एक एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला तीन-चार घनफूट हवा देतो. गनला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. छताच्या मध्यावर पोचेपर्यंत टाकीतला दाब पडतो आणि रंगाचं धुकं न येता थेंब उडतात. शिवाय पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, ते नळीतून रंगात येतं. हौशीला आरशाचे खांब, ग्रिल असल्या छोट्या वस्तू गनने मारा. छत, दारं रोलरने. बिजागऱ्या आणि कोपरे ब्रशने, रोलरच्या आधी.

आणि उडालेला रंग चाळीतल्या कांद्यावर बसेल तो वेगळा.

चाकोरीबाहेर
सगळे रंगाचं बोलताय, हिशेबाचं मी बोलते. आमच्या तीन गाड्या आहेत, वह्या माझ्याकडे असतात.

दादा, तुम्ही दसऱ्याच्या आधी म्हणताय. तेव्हा पिंपळगावात टोमॅटोचा हंगाम भरात असतो. गाडी शेडमध्ये उभी राहिली की भाडं बुडतं, आणि तुमचा माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवायचा तर खिशातून जातं. घरी रंगवायचं म्हणजे घासणं, लांबी, अस्तर, मग चार-पाच हात, प्रत्येकामध्ये रात्र. त्यात भाद्रपदातला पाऊस. गॅरेजच्या 40 हजारांत त्याचा वेळही धरलेला असतो हे विसरू नका.

माझं मत: पासिंगपुरतं आत्ता, बाकी उन्हाळ्यात. आत्ता पाऊस आणि हंगाम जोरात यायच्या आत फक्त केबिन करा. दार टिंकरकडे, बाकी केबिन शेडमध्ये. हौदा फाल्गुनात, भाडी कमी असतात तेव्हा. हौद्याचा तो शिशाचा पिवळाही मग निवांत, पाण्याने घासता येईल.

खर्च आमच्याकडच्या भावाने. इनॅमल लिटरला एका हाताला 10 चौरस मीटर जातं, 407 ची केबिन बाहेरून 12 च्या आसपास भरेल, हात पातळ धरले तर 4 लिटर पुरे, हौद्याला दोन रंगांत मिळून 2. रंग, अस्तर, टर्पेंटाइन, गंजाचं औषध धरून 4500. पेपर, लांबी, रोलर, टेप यांचे 3000. टिंकर 3000. अक्षरं 2500. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या 2000. झाले 15. काचेचं रबर तुमच्या 'फार ताणलं तर'मधून.

उगाच_उवाच
ताई, मेव्हण्याचा चहा-नाश्ता कुठल्या खात्यात?

चाकोरीबाहेर
तो बहिणीच्या माहेरच्या खात्यात जातो. आमच्याकडे तरी.

वाटसरू_77
अवांतर: मागे काय लिहिणार? 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' आता फार झालं.

उगाच_उवाच
407 ने ओव्हरटेक? 'बघतोस काय रागानं, जा की तू पुढनं' लिहा.

मिस्त्री_आडनावाचाच
'हॉर्न ओके प्लीज' तरी पाहिजेच.

काळ्या_कोटातला
महाराष्ट्रात 2015 पासून व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी आहे. लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून परिवहन आयुक्तांनी आदेश काढला होता. पासिंगला नेताना तरी नको.

नाद_कोल्हापूरचा
बंदी यायच्या आधी आमच्या बापानं ते किती फाळक्यांवर (हौद्याच्या मागच्या झडपांवर) काढलं असंल, मोजदाद न्हाई. 'ओके' मधी मोठं, दोन्ही बाजूला 'हॉर्न' आन 'प्लीज' बारीक. आता गिऱ्हाईक रेडियमवाल्याकडं जातंय, अर्ध्या तासात अक्षरं चिकटवून मोकळं. पर रेडियम उन्हानं कडंला सुटतंय, त्यात धूळ बसती. ब्रशचं अक्षर रंगासंगट म्हातारं होतंय.

भावा, दारावर मालकाचं नाव-गाव, आरएलडब्ल्यू, यूएलडब्ल्यू (भरलेल्या आन रिकाम्या गाडीचं वजन) हे आकडे पुन्हा लिहायला लागतील. रंगवायच्या आधी त्यांचा फोटो काढून ठेव, नायतर आरसी शोधत बसशील. आन पेंटर बोलवायच्या आधी रंगाला आठवडा दे. ओल्या इनॅमलवर खडूची रेघ मारली की उमटती.

निफाडचा_गाडीवान
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढा ऊहापोह आमच्या ग्रामसभेत होत नाही.

ठरलं ते असं: केबिन आत्ता, पांढरीच, रोलरने. दार आज टिंकरकडे दिलं. काकांचं खरं निघालं, आतलं कव्हर काढल्यावर खाली ओंजळभर माती आणि गवताचं बी निघालं, बाहेर एक भोक होतं तिथे आत वीतभर पत्रा गेलेला. टिंकर 2800 म्हणतोय. हौदा फाल्गुनात. चाकोरीताईंनी लिहिलेला हिशेब बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली या बाईंना आधीच विचारायला हवं होतं.

काचेचं रबर मिळालं. दोरीची पद्धत मेव्हण्याला समजावली, तो म्हणतो दोरी मी ओढणार, काच तुम्ही धरा. म्हणजे फुटली तर माझ्या हातून.

एक शंका राहिली. पासिंगला रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या लागतील. केबिनला समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, हे माहीत आहे. पण हौदा फाल्गुनात रंगवायचा तर बाजूच्या आणि मागच्या पट्ट्या आत्ता जुन्या भुकटी रंगावर लावू? सुटतील.

तिरकस_पाना
सुटणारच. म्हणून तर म्हणत होतो रंगवू नका.

चिकलठाणा_निवृत्त
पट्टी येणार तेवढीच जागा आत्ता करून घ्या. हौद्याच्या दोन्ही बाजूंना आणि फाळक्यावर पट्टीपेक्षा दोन्हीकडून इंच-इंच जास्त असा आडवा पट्टा आखा, मास्किंग टेप लावा, पाण्याने घासा, अस्तर आणि दोन हात रंग. हे काम केबिनच्या आधी करा. ताज्या इनॅमलवर पट्टी चिकटवली तर आतलं टर्पेंटाइन बाहेर पडताना पट्टीला फुगे येतात, म्हणून चिकटवण्याआधी त्या रंगाला दोन-तीन आठवडे वाळायला मिळाले पाहिजेत. तुम्ही केबिनमध्ये गुंतलेले असताना ते आपोआप मिळतील.

समोरची पट्टी ज्या जागेवर येते तो केबिनचा भागही याच पहिल्या फेरीत उरकून टाका. फाल्गुनात हौदा रंगवताना चिकटवलेल्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा, त्या काढायची गरज नाही. नंबरप्लेट मात्र रंगवायच्या आधी झाका, नव्या हाय सिक्युरिटी प्लेटवर रंगाचा थेंब पडला तर तो टर्पेंटाइनने पुसत बसू नका, वरचं कव्हर खराब होतं.

नाद_कोल्हापूरचा
आन पट्टी लावताना जागा साबणानं न्हाई, स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घे. कोपरे कात्रीनं गोल काप, चौकोनी कोपरा धुण्याच्या फवाऱ्यानं पहिला उचलतोय.

निफाडचा_गाडीवान
मिळालं. उद्या बाजार बंद आहे, पट्टे आखायला सुरुवात करतो. कालवड दुसऱ्या दावणीला बांधली.